पॅकर, बाकर

रोल्ला चौकाच्या मागे, दोन मोबाइल दुकानांत चेंगरलेलं
आमचं टायपिंग सेंटर. एसी गळतो.
त्याखाली अर्धी कापलेली पाण्याची बाटली,
भरली की मी ओतते. पगारात तेही धरलेलं.

ऑगस्टच्या दुपारी तो आत आला,
मान लालबुंद, हातात फाईल नाही.
फाईलशिवाय इथे कोणी येत नाही.
आम्ही तर फाईल घेऊनच जन्मतो:
पांढऱ्या पडद्यापुढचे चार फोटो, झेरॉक्सची झेरॉक्स.
"सगळं यात आहे," त्याने फोन दाखवला.
मी म्हटलं, बसा.

नाव? ट्रॅव्हिस पॅकर.
गाव बॉयझी, आयडाहो. ते कुठे आलं, मी विचारलं नाही,
त्यानेही माझं बाणकोट विचारलं नाही.
अरबीत प नाही. व्ह पण नाही.
मी टाइप केलं: ट्राफिस बाकर.
उजवीकडून डावीकडे निघालेल्या स्वतःच्या नावाकडे
तो बघत राहिला, पाठमोऱ्या माणसाकडे बघावं तसा.
"वाचून दाखवा." दाखवलं.
हसला. मग मधेच थांबला.

बाकर नावाचे एक तांडेल होते आमच्या वाडीत,
हे सांगायचं राहून गेलं.
माझं परकारचं बारकार झालं त्याला एकोणीस वर्षं झाली.
वीजबिल, मुलाच्या शाळेची फी,
नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, सगळीकडे बारकार.
पहिल्या वेळी मी भांडले होते. काउंटरवरचा म्हणाला,
प ठेवायला आमच्याकडे जागा नाही, बाई.

व्यवसाय?
त्याने सांगितला तो दीड ओळीचा होता.
मी यादी उघडली.
यादीत उंटांचा डॉक्टर आहे, ससाणे सांभाळणारा आहे,
खजुराची प्रतवारी लावणारा आहे,
पण चार कोटी लोकांचं काहीतरी
रात्री बंद पडू नये म्हणून जागणारा,
असा कोणी नाही.
"पहारेकरी आहे," मी म्हटलं. विनोद होता.
तो विचारात पडला.
"अगदीच चूक नाही," म्हणाला.

पदवी?
आता तो बाटलीत पडणाऱ्या थेंबांकडे बघायला लागला.
दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडलं.
वीस वर्षं कोणी विचारलंच नाही.
मार्चमधल्या एका सकाळी ऑफिसच्या दाराला कार्ड लागेना,
त्याचं, आणि आणखी नऊशे जणांचं.
मग इथून कोणीतरी फोनवर ये म्हटलं, हा आला.
आता म्हणतात, शिक्क्याचा कागद आण.

माझ्याकडे आहे तो कागद.
एम.एस्सी., रसायनशास्त्र. मुंबईचा शिक्का, दिल्लीचा,
वकिलातीचा. मागची बाजू गच्च भरलेली.
घरी गादीखाली सपाट पडलाय.
त्याचा उपयोग एवढाच, की लोकांचे अर्ज
मी बिनचूक भरते.

त्याचा पासपोर्ट निळा, माझाही निळा.
टेबलावर शेजारी ठेवले तर सोनेरी छाप तेवढी वेगळी.
मी ठेवले नाहीत.

मायदेशातला पत्ता?
घर विकलेलं. "बहिणीच्या गॅरेजचा चालेल?
सामान तिथे आहे."
मी गॅरेज लिहिलं नाही, बहिणीचा घर नंबर लिहिला.
एवढं आम्ही सगळ्यांसाठी करतो.

शेवटी निवडलं: संगणक तंत्रज्ञ, सहायक.
"सहायक कोणाचा?"
म्हटलं, ते अर्जात विचारत नाहीत.
माझा दीर इंजिनिअर, त्याच्या व्हिसावर
अकरा वर्षं सुतार लिहिलंय.
रंधा कसा धरतात, त्याला अजून माहीत नाही.

पैसे दिले, प्रिंट घेतली,
दार उघडल्याबरोबर रस्ता भट्टीसारखा आत आला.
मागे सियालकोटचा वेल्डर कधीचा उभा,
त्याला मी हात केला.
तेवढ्यात तो परत आत, घामाने कागद मऊ झालेले,
"हे ठेवायला... ते... कुठे मिळतं?"

शेजारी, मल्याळी दुकानात. तीन दिरहम.
निळी घ्या, मी म्हटलं.
पिवळीचं बटण महिन्यात तुटतं.